चढणीवरचा दम : भोर-वेल्ह्यातील धूम्रपान आणि फुफ्फुसांची झीज

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीच्या मुख्य रांगेला टेकलेले भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे दोन तालुके म्हणजे हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ आणि कानद खोरे यांचा मुलूख असून, तेथे घरापासून खाचरापर्यंत, खाचरापासून रानापर्यंत आणि वाडीपासून एस. टी.च्या थांब्यापर्यंत जाताना कोठे ना कोठे चढण लागतेच. त्यामुळे सपाटीवरच्या माणसाला जी श्वासाची परीक्षा क्वचित द्यावी लागते, ती येथील माणूस दररोज देत असतो, आणि फुफ्फुसांत काही बिघाड सुरू झाल्यास तो येथे सर्वांत आधी लक्षात यावा अशी अपेक्षा करणे वावगे नाही. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. बिडी ओढणारा मनुष्य चाळिशी-पन्नाशीत चढणीवर मध्येच थांबू लागतो, पुढे वरच्या रानात गुरे घेऊन जाण्याचे काम मुलाकडे सोपवतो, मग डोक्यावरचा भारा हलका करतो, नंतर लांबचा पण सपाट रस्ता धरतो, आणि हे सारे इतक्या सावकाश होते की धाप लागण्याचे प्रसंगच उरत नाहीत; ‘दम लागतो का’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. म्हणून या भागात धूम्रपान करणाऱ्या माणसाला, किंवा त्याच्या घरच्यांनी त्याच्याविषयी, दम लागतो का हे विचारण्यापेक्षा पाच वर्षांपूर्वी तो ज्या चढणी न थांबता चढत असे त्यांपैकी कोणती आता त्याने सोडून दिली आहे, हे विचारणे अधिक उपयोगी ठरते.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी धूर आत गेल्यावर काय होते हे क्रमाने पाहिले पाहिजे. नाकातोंडावाटे घेतलेली हवा श्वासनलिकेतून खाली जाते, श्वासनलिका दोन मुख्य शाखांत विभागते, आणि त्या शाखांना पुन्हा पुन्हा फाटे फुटत सुमारे तेवीस टप्प्यांनंतर हवा वायुकोशांपर्यंत, म्हणजे जेथे प्राणवायू रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्या सूक्ष्म पोकळ्यांपर्यंत पोहोचते. असे वायुकोश कोट्यवधी असून त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की हवा आणि रक्त यांच्यातील अंतर एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, कमी भरते. वायुकोशांपर्यंत धूळ व जंतू जाऊ नयेत यासाठी श्वासमार्गाच्या आतल्या अस्तरावर चिकट स्रावाचा पातळ थर आणि तो थर सतत घशाकडे ढकलणारे अतिसूक्ष्म केस, म्हणजे रोमक, अशी व्यवस्था असते.

तंबाखूचा धूर सर्वप्रथम याच व्यवस्थेवर आघात करतो. धुरातील दाहक रसायनांमुळे रोमकांची हालचाल मंदावते आणि पुढे ते झडू लागतात, तर स्राव तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे कफ जास्त होतो आणि तो वर आणणारी यंत्रणा मात्र दुबळी पडते. उरतो तो एकच मार्ग, खोकला. रात्रभर साठलेला कफ सकाळी बाहेर काढावा लागत असल्याने बिडी ओढणाऱ्याचा दिवस खोकण्याने सुरू होतो, आणि येथेच एक दृढ गैरसमज जन्म घेतो. सकाळच्या पहिल्या बिडीने घशाला डिवचल्यामुळे उबळ येते, दोन बेडके पडतात, छाती मोकळी झाल्यासारखी वाटते, आणि बिडीने कफ सुटतो असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः जो कफ बिडीमुळे साठला तोच बिडीच्या डिवचण्याने बाहेर पडलेला असतो. सलग दोन वर्षे, प्रत्येक वर्षी किमान तीन महिने, कफयुक्त खोकला राहिला आणि त्याला दुसरे कारण सापडले नाही, तर वैद्यकशास्त्र त्यास दीर्घकालीन श्वासनलिकादाह म्हणते, आणि मावळातील पुष्कळ घरांत ज्याला ‘बिडीचा खोकला’ म्हणून सोडून दिले जाते तो बहुधा हाच असतो.

दुसरा आघात अधिक खोलवर आणि अधिक मुकाट होतो. धूर वायुकोशांपर्यंत पोहोचला की तेथे संरक्षक पेशींची गर्दी होते, आणि त्या पेशींनी सोडलेली विकरे, म्हणजे प्रथिनांचे विघटन करणारी द्रव्ये, फुफ्फुसाला लवचीकपणा देणारे तंतू कुरतडू लागतात. एरवी शरीरात या विकरांना आवर घालणारे प्रथिन असते, परंतु धुरामुळे त्याचीही शक्ती क्षीण होते. तंबूचे कापड चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या दोऱ्या एकेक करून तुटाव्यात तसे मग लहान श्वासनलिकांचे होते, कारण त्यांना उघडे ठेवणारा ताण सभोवतालच्या वायुकोशांच्या भिंतींकडूनच येत असतो. भिंती मोडल्या की श्वास सोडताना या नलिका मिटतात आणि हवा आत अडकून राहते. या विकाराला वातस्फीती म्हणतात. रुग्णाची तक्रार ‘श्वास घेता येत नाही’ अशी असली तरी मूळ अडचण श्वास पुरता सोडता न येण्याची असते, कारण आधीचीच हवा बाहेर न पडल्याने नव्या हवेला जागा उरत नाही. चढणीवर श्वासाचा वेग वाढला की सोडण्यासाठी मिळणारा वेळ आणखी कमी होतो, हवा अधिकाधिक अडकत जाते आणि छाती भरून आल्यासारखी वाटते. म्हणूनच बसल्या जागी ठणठणीत दिसणारा माणूस उतारावर ठीक चालतो आणि चढावर अडतो.

दीर्घकालीन श्वासनलिकादाह आणि वातस्फीती बहुधा एकत्रच आढळतात, आणि त्यांतून श्वासमार्ग कायमचा अरुंद झाला की त्या अवस्थेला सीओपीडी, म्हणजे दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधी विकार, असे नाव आहे. बोलण्यात सर्वच प्रकारच्या धापेला ‘दमा’ म्हटले जात असले तरी दम्यात श्वासमार्गाचे आकुंचन बहुतांशी कमी-जास्त होणारे व औषधाने बरेचसे पूर्ववत होणारे असते, तर सीओपीडीत झालेली हानी भरून येत नाही. हा भेद कळल्याखेरीज उपचार नेमका होत नाही.

त्याखेरीज धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे फुफ्फुसे अजून शाबूत असलेल्या तरुणाच्याही रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. राजगडाच्या पद्मावती माचीवर किंवा सुमारे 1400 मीटर उंचीच्या तोरण्यावर चढताना वाटेत विसावा घेऊन सिगारेट ओढणारे पर्यटक पुढच्या टप्प्यासाठी स्वतःचेच रक्त अपुरे करून घेत असतात, ही गोष्ट गडाच्या पायथ्याशी फलक लावून सांगण्याजोगी आहे.

बिडी सौम्य असते, कारण तिच्यात तंबाखू थोडी आणि वरून नैसर्गिक पान, हा समज या भागात सर्वत्र आहे. बिडीतील तंबाखू सिगारेटच्या तुलनेत खरोखरच बरीच कमी असते. पण तेंदूच्या पानातून हवा फारशी आत येत नसल्याने आणि बिडी चटकन विझत असल्याने ती पेटती ठेवण्यासाठी झुरके वारंवार व जोरात घ्यावे लागतात, आणि त्या प्रमाणात डांबरासारखे अवशिष्ट द्रव्य व कार्बन मोनॉक्साइड आत जातात. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे दहा वर्षांनी घटत असल्याचे दिसून आले. सहा आणि दहा यांतील फरक दाखवून बिडीचे समर्थन करणाऱ्याने सहा वर्षे म्हणजे किती, याचा हिशेब नातवंडांच्या वयाशी लावून पाहावा.

येथपर्यंत केवळ ओढल्या जाणाऱ्या तंबाखूचा विचार झाला. परंतु भोर-वेल्ह्यासंबंधी लिहिताना तेवढ्यावर थांबल्यास चित्र अपुरे राहील. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते, पण धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के, म्हणजे हा प्रदेश मुख्यतः चुना लावून मळलेल्या तंबाखूचा आणि मशेरीचा आहे. तरीही धाप आणि जुनाट खोकला घेऊन येणाऱ्यांत बिडीला कधीही हात न लावलेल्या स्त्रिया असतात, त्याचे कारण धूर बिडीखेरीज इतर वाटांनीही फुफ्फुसांत शिरतो. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जगभरातील अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते, आणि त्यामागच्या कारणांत चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे.

मावळातील धुराचा हिशेब करताना म्हणून चार गोष्टी एकत्र मांडाव्या लागतात. पावसाळ्यात येथे इतका पाऊस पडतो की सरपण कोरडे राहत नाही, आणि ओल्या लाकडाची चूल बंद स्वयंपाकघरात पेटवली की धूर तासन्‌तास कोंडून राहतो. उन्हाळ्याच्या अखेरीस भाताच्या रोपांसाठी दाढ भाजली जाते, म्हणजे तोडलेली कवळे, पालापाचोळा व शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचून पेटवले जातात, आणि त्या काळात खोऱ्यांतून सकाळ-संध्याकाळ धुराचा पट्टा हलत नाही. डोंगरउतारांवरील वणवे याच काळातले. मशेरी बहुधा घरीच तव्यावर तंबाखू काळपट होईपर्यंत भाजून केली जाते, आणि तो खकाणा भाजणारीच्या व घरातील लहान मुलांच्या नाकात जातो, ज्याची गणना कोणीच धूम्रपानात करीत नाही. आणि घरातील पुरुष ओटीवर बिडी ओढत असला तर त्याचा धूर घरभर पसरतोच. या चारांपैकी ज्या व्यक्तीच्या वाट्याला दोन-तीन येतात तिच्या फुफ्फुसांवर भार साचत जातो, म्हणून बिडी सोडण्याचा सल्ला चुलीविषयी मौन पाळून देण्यात अर्थ नाही. चूल पूर्णपणे बंद करणे परवडत नसेल तेथे पावसाळ्यापुरते तरी गॅसचे सिलिंडर राखून ठेवणे, सरपण मे महिन्यातच आडोशाला रचणे, चुलीवर धुराडे बसवणे, आणि दम्याच्या किंवा धापेच्या माणसाला दाढ भाजण्याच्या कामातून वगळणे, इतके शक्य असते. कृषी विभाग गादीवाफ्यावरील रोपवाटिकेचा पुरस्कार करतो तो मुख्यतः जमिनीच्या व रोपांच्या दृष्टीने. पण दाढ न भाजण्याचा लाभ छातीलाही होतो.

आता तपासणीविषयी. चाळिशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा वर्षानुवर्षे चुलीपाशी वावरलेल्या आणि खोकला, कफ किंवा चढणीवरची धाप यांपैकी काहीही असलेल्या व्यक्तीने स्पायरोमेट्री करून घ्यावी. या तपासणीत पूर्ण श्वास भरून तो नळीत शक्य तितक्या जोराने व शेवटपर्यंत सोडायचा असतो, आणि पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली व एकूण किती पडली यांचे गुणोत्तर पाहिले जाते. श्वासमार्ग रुंद करणारे औषध दिल्यानंतरही ते 70 टक्क्यांच्या खाली राहिले तर अवरोध आहे असे समजतात. छातीच्या क्ष-किरण चित्रात आरंभीची सीओपीडी बहुधा दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो चांगला आला’ म्हणून निश्चिंत होणे चुकीचे ठरते. ही तपासणी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात होईलच असे नाही, म्हणून भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करून गरज पडल्यास पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाकडे किंवा ससूनकडे संदर्भपत्र घ्यावे.

एका बाबतीत मात्र थांबू नये. धूम्रपानामुळे क्षयरोग होण्याचा धोका दुपटीहून अधिक वाढतो, आणि सवयीचा खोकला क्षयाच्या खोकल्याला झाकून टाकतो. त्यामुळे दोन आठवड्यांहून जास्त खोकला, किंवा नेहमीच्या खोकल्याचे बदललेले स्वरूप, वजन घटणे, संध्याकाळचा ताप, कफातून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होणारी थुंकीची तपासणी लगेच करावी. कफातील रक्त आणि बसलेला आवाज ही फुफ्फुसाच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात.

सोडून काय उपयोग, व्हायचे ते नुकसान झालेच, असे पन्नाशीचा माणूस म्हणतो, आणि या म्हणण्याला नेमके उत्तर उपलब्ध आहे. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांची फुफ्फुसक्षमता आठ वर्षे वरचेवर मोजून 1977 मध्ये असे दाखवले की वयानुसार प्रत्येकाचीच क्षमता थोडीथोडी घटते, धुराचा परिणाम होणाऱ्यांत ती पुष्कळ वेगाने घटते, आणि धूम्रपान सोडल्यावर गमावलेले परत मिळत नसले तरी पुढील घट जवळजवळ धूम्रपान न करणाऱ्यांच्या वेगावर येते. म्हणजे पन्नाशीत सोडणाऱ्याला तिशीतला दम लाभणार नाही, परंतु साठीत अंगणापासून विहिरीपर्यंत चालता येईल की नाही हे त्या निर्णयावर ठरते. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीचा 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्षही त्याच दिशेचा आहे: साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी दहा वर्षांचे आयुष्य परत मिळाले.

सोडण्याची रीत ठरवताना सवय कोणत्या कामाशी बांधलेली आहे हे आधी पाहावे. मावळात ती प्रामुख्याने तीन ठिकाणी बांधलेली आढळते. पहिली सकाळच्या शौचाशी. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते हे खरे आहे, आणि बिडी सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होते हेही खरे. त्यासाठी सकाळी भरपूर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी व नाचणी, आणि गरजेपुरते साधे रेचक पुरते. दुसरी पावसाशी, कारण लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या माणसाला बिडीने ऊब येते असे वाटते. वास्तविक निकोटीनमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून हातपाय अधिक गार पडतात, आणि ऊब देतो तो कोरा चहा. तिसरी गाठ सोबतीची असते, पारावरची, लग्नाची, जत्रेची. आणि सोडलेली बिडी पुन्हा सुरू होते ती बहुतेक वेळा येथेच, कोणी तरी पुढे केलेल्या एकीने. त्यामुळे सोडण्याची तारीख जत्रा किंवा लग्नसराईच्या तोंडावर न धरता मधल्या काळात धरावी आणि सोबत्यांना ती आधी सांगून ठेवावी.

सोडल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात; चिडचिड, झोपमोड, भूक वाढणे हे दोन ते चार आठवड्यांत ओसरते, आणि तलफेचा प्रत्येक झटका काही मिनिटांपुरताच असतो. औषधाच्या दुकानात मिळणारे निकोटीनचे च्युइंग गम उपयोगी असते, परंतु ते साध्या गमसारखे सतत चघळल्यास मळमळ होते. घशात तिखटपणा जाणवेपर्यंत थोडे चावून मग ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवावे, चव गेली की पुन्हा चावावे. फार ओढणाऱ्यांसाठी डॉक्टर गोळ्याही देऊ शकतात. 1800-11-2356 या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. बिडी सोडून मळलेली तंबाखू किंवा मशेरी धरणाऱ्याची फुफ्फुसे सुटतात, पण व्यसन तसेच राहते आणि मुखाचा कर्करोग वाट्याला येतो, तेव्हा हा सौदा करू नये. काहींना सोडल्यानंतर खोकला व कफ थोडे दिवस वाढल्याचे जाणवते, कारण रोमक पुन्हा काम करू लागलेले असतात. याच वेळी ‘बिडी बरी होती’ म्हणून मागे फिरणारे अनेक असतात, म्हणून ही गोष्ट आधीच सांगून ठेवणे इष्ट.

ज्यांना सीओपीडीचे निदान झाले आहे त्यांच्यासाठी ‘पंप’, म्हणजे इनहेलर, हेच मुख्य औषध होय. त्याची सवय लागते ही भीती निराधार आहे. गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत औषध थेट श्वासमार्गात जात असल्याने तोच अधिक सुरक्षित असतो, फक्त तो वापरण्याची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवावी, शक्यतो स्पेसर नावाच्या पोकळ नळकांड्यातून घ्यावा, आणि त्यात स्टिरॉइड असल्यास नंतर चूळ भरावी. चालणे बंद करू नये. चढणीवर नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो घेण्याच्या दुप्पट वेळ सोडत राहिल्यास नलिका लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. श्वास घेताना थांबावे, सोडताना पाऊल उचलावे, असा ठेका धरल्यास पुष्कळ जणांना पूर्वी सोडलेली वाट पुन्हा चालता येते. दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला इन्फ्लुएंझाची लस घ्यावी आणि न्यूमोनियाच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

पानशेत किंवा भाटघरच्या जलाशयामागील वाड्यांतून आणि वरंध घाटाकडच्या गावांतून रुग्णालय गाठायला पावसाळ्यात किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे तेथील रुग्णाने धोक्याची चिन्हे ओळखून लवकर निघणे अगत्याचे आहे: कफाचा रंग हिरवट-पिवळा होऊन प्रमाण वाढणे, पंपाचा परिणाम नेहमीइतका न टिकणे, पायांवर सूज येणे ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्याची कारणे होत, तर एका श्वासात वाक्य पुरे न होणे, ओठ निळसर पडणे, किंवा रुग्ण गुंगीत वा असंबद्ध बोलू लागणे असे दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरी प्राणवायूचे यंत्र असेल तर घाबरून त्याची मात्रा मनाने वाढवू नये, कारण सीओपीडीच्या काही रुग्णांत अति प्राणवायूमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीला जातो, आणि ते यंत्र चालू असलेल्या खोलीत चूल, समई किंवा बिडी पेटवू नये. रुग्णालयात जाताना वापरातला पंप, मागील स्पायरोमेट्रीचा अहवाल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात.